गांगुर्डेकाका गाडी बघायला जातात

जुनी गाडी विकत घ्यायला गेलेला माणूस बॉनेट उघडतो, टायर दाबतो, धूर कोणत्या रंगाचा येतोय ते बघतो. आमचे गांगुर्डेकाका मागचं दार उघडून आत बसतात आणि चहा मागतात. कप काठोकाठ भरलेला हवा. तो मांडीवर धरून, डोळे मिटून ते गाडीमालकाला म्हणतात, "हं, चला आता. खड्डे चुकवायचे नाय." गाडी एक फेरी मारून येते. चहा सांडला नसेल तर काका तो पितात आणि मग व्यवहाराचं बोलणं सुरू होतं. सांडला तर पँट झटकत खाली उतरतात, "इंजिन ठणठणीत हाय, पण स्वभाव नाय जमायचा," असं म्हणतात आणि घरी येतात. यांनी इंजिन बघितलं कधी, हा प्रश्न पडलेले कितीतरी मालक नाशिकमध्ये असतील.

मी काकांच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहतो. मूळचा सुरगाण्याकडचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे शहरात कुणाशी कसं बोलायचं हे सांगणारं मागे कोणी नव्हतं. इंदिरानगरात खोली शोधत फिरत होतो तेव्हा लोक आधी गाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे आणि मग "कळवतो" म्हणायचे. काकांनी एकच प्रश्न विचारला, "गाडी चालवता येते का?"

मी नाही म्हणालो. ही खोलीही गेली असं मला वाटलं.

"बरं झालं," काका म्हणाले. "म्हणजे वाईट सवयी नसतील."

मला पदवी विद्यापीठानं दिली, पण लायसन्स मिळालं ते काकांमुळे. त्यांची शिकवण्याची पद्धत साधी होती. मी पुढे स्टिअरिंगवर, ते मागच्या सीटवर डोळे मिटून. "आत्ता पोटात गोळा आला. म्हणजे तू ब्रेक उशिरा दाबला." अशी त्यांच्या पोटावरून मी गाडी शिकलो. पुढे शाळेत नोकरी लागली, चांगल्या ठिकाणी राहायला जाण्याइतकी ऐपतही आली, पण मी काही ती खोली सोडली नाही.

काका एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस होते. निवृत्तीनंतर त्यांनी गाड्या घ्यायला सुरुवात केली. घ्यायची, दुरुस्त करायची, काही दिवस ठेवायची, विकायची, दुसरी आणायची. दारात एका वेळी दोन-तीन गाड्या असतातच आणि एक शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गवतात उभी असते. मी आलो तेव्हा साइडकार लावलेली स्कूटर होती. साइडकारमध्ये काकांनी लोड-तक्क्या घातला होता. मग रिक्षा आली. मग एक उंच जीप. मग शाळेच्या मुलांची व्हॅन, जिच्यावर हत्ती आणि ससा रंगवलेले होते. ससा काकांनी खरवडून काढला. हत्ती निघेना, तो तसाच विकला गेला.

दुरुस्तीतलं त्यांचं कौशल्य फार मोठं आहे असं मी म्हणणार नाही. खोललेली गाडी जोडून झाली की एखादा नट, एखादा बोल्ट उरतोच. "कंपनी जास्तीचेच देते," असं म्हणून काका तो स्वयंपाकघरात नेऊन एखाद्या डब्यात टाकतात. "जिरं काढायला जावं तर वायसर हाताला लागतो," असं काकू म्हणतात. आणि गंमत अशी की गाड्या चालतात. चालली नाही तर काका रागावत नाहीत. तिच्याजवळ स्टूल घेऊन बसतात, बॉनेटवर हात ठेवतात आणि खरोखरच्या काळजीनं विचारतात, "काय होतंय तुला?"

समोरच्या बंगल्यातल्या पाटीलसाहेबांना या सगळ्याचा त्रास होतो. गाड्यांचा नाही, काकांच्या कंजूषपणाचा. काका एकटे असले की झकास गाडी चालवतात. भाजीबाजारात जातात, पार सातपूरला सुटे भाग आणायला जातात. पण कुणाला मागं बसवत नाहीत. कुणालाच नाही.

"गांगुर्डे, दारात तीन-तीन गाड्या, आणि मला नाक्यापर्यंत सोडवत नाही तुम्हाला," पाटीलसाहेब गेटातून म्हणतात.

"चालत जा साहेब, शुगरला चांगलं असतं."

"अहो, पाऊस पडतोय."

"मग छत्री देतो."

आणि छत्री खरंच देतात.

मीसुद्धा बरेच दिवस हा विक्षिप्तपणाच समजत होतो. पण प्रत्येक नवी गाडी दारात आली की एक गोष्ट व्हायची आणि ती माझ्या डोळ्यांत सलायची. काकू ताट घेऊन बाहेर यायच्या. काठी टेकत, डावा पाय जरा ओढत. हळदीकुंकू लावायच्या, चाकांवर पाणी घालायच्या, झेंडूचा हार घालायच्या. नव्या गाडीत पहिल्यांदा घरातल्या बाईनं बसायचं अशी त्यांच्याकडं पद्धत आहे. काका दार उघडून धरायचे. काकू गाडीकडं बघायच्या, मग माझ्याकडं बघायच्या, कारण मी चावी घेऊन स्टिअरिंगवर बसलेला असायचो. "छान आहे," असं म्हणून त्या आत निघून जायच्या. काका दार धरून थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मग हळूच लावायचे. महिनाभरात ती गाडी विकायला निघायची.

एकदा जीप विकून टाकल्यावर काकांनी आपणहून सांगितलं. "पायरी उंच होती तिची. हिला चढवलं नसतं." मग बराच वेळ हात पुसत राहिले. "सावळघाटात स्कूटर घसरली होती आमची. चिखल होता. पेठ तालुक्यात हिच्या माहेरी चाललो होतो. मी उठून उभा राहिलो. ती नाय राहिली."

काकू तेव्हापासून माहेरी गेल्या नव्हत्या. माहेरीच काय, कुठल्याच गाडीत बसल्या नव्हत्या. दवाखाना जवळच होता, तिथं चालत जायच्या. ज्या गाडीत बायकोला भीती वाटणार नाही अशी गाडी काका शोधत होते. चहा काठोकाठ का लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

या वर्षी पावसाळा संपता संपता काकूंच्या भावाचा फोन आला. त्यांच्या मुलाला मुलगी झाली होती. बारसं ठरलं होतं. मुलाला सख्खी बहीण नाही, तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या म्हणून उरल्या त्या काकूच. फोन स्पीकरवर होता. भाऊ म्हणत होते, "आक्का, तू नाय आली तर नाव नाय ठेवणार. राहू दे पोरीला बिननावाची."

"गाडीची सोय नाय रे," काकू म्हणाल्या.

त्या वेळी दारात तीन गाड्या उभ्या होत्या आणि चौथी बघायला काका गेले होते.

ती चौथी आली. एका डॉक्टरांची जुनी हिरवी कार, बुटकी, पायरी जवळजवळ नाहीच, सीट गुबगुबीत. काका तिच्यावर दिवसरात्र खपले. "ही हाय," असं ते मला, पाटीलसाहेबांना आणि दूधवाल्यालासुद्धा सांगत होते. हीही नाही जमली तर पुढची बघायला त्यांच्यात जोर उरणार नाही, असं मला वाटायला लागलं.

बारशाच्या आदल्या दिवशी मी जेवायला खाली गेलो. काकू नागलीची भाकरी थापत होत्या. माझ्यासाठी त्या मुद्दाम करतात. मी धीर करून विचारलं, "काकू, तुम्हाला गाडीची भीती वाटते का?"

"भीती कसली?"

"मग बसत का नाही?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "कुणाबरोबर बसू? तुझ्याबरोबर? तू गुणाचा आहेस रे. पण मी पडले ती यांच्या मागं बसून. आता बसले तर यांच्याच गाडीत बसेन, हे चालवत असतील तर. हे दरवेळी तुला बसवतात पुढं, आणि स्वतः दार धरून उभे. दार धरायला नोकर का आहेत?"

"मग हे काकांना सांगितलं का तुम्ही?"

"मी कशाला सांगू? त्यांना कळायला नको?" भाकरी उलटली. "गाडीला रोज विचारतात, काय होतंय तुला. मला एकदा विचारायचं राहूनच गेलं."

मी हात धुऊन बाहेर आलो. काका हिरव्या गाडीखाली उताणे झोपले होते, फक्त चपला दिसत होत्या. कुणाच्या संसारात बोलू नये हे मला कळतं. पण ही दोघं मला आईवडिलांसारखी होती आणि बारसं उद्यावर आलं होतं. मी चपलांशी बोललो. काकू जे म्हणाल्या ते, त्यांच्याच शब्दांत, सगळं सांगितलं.

गाडीखाली ठोकाठोकी थांबली.

"काका?"

"पाना दे. छोटा."

मी पाना दिला. त्याचा काही उपयोग झाल्याचं ऐकू आलं नाही.

"मागं माणूस बसलं की माझे हात कापतात," काका खालूनच म्हणाले. "तिला वाटतं, मी मुद्दाम तुला बसवतो."

"त्यांना असं वाटत नाही."

"तू जा, झोप."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू जरीची साडी नेसून बाहेर आल्या. बाळासाठी शिवलेली दुपटी, टोपडी, द्राक्षांचा हंगाम नसल्यामुळे एका पिशवीत पेरू. मी नेहमीसारखा स्टिअरिंगवर. काकू बघून थांबल्या, अगदी नेहमीसारख्याच. पाटीलसाहेबही समोर गेटात येऊन उभे राहिले, पेपर वाचायचं निमित्त करून.

काकांनी चारही चाकांची हवा बघितली. मग परत बघितली. स्टेपनीचीसुद्धा बघितली. मग माझ्या खिडकीशी आले.

"उतर," म्हणाले.

मी उतरलो. काका बसले. सीट पुढे घेतली, मागे घेतली, आरसा हलवला. हात खरंच कापत होते. काकूंनी कुणाची वाट बघितली नाही. स्वतःच पुढचं दार उघडलं, काठी माझ्या हातात दिली आणि बसल्या.

"मागं बस ना, मागची सीट मऊ हाय," काका म्हणाले.

"मागं हा पोरगा बसेल. चला. दुपारच्या आत नाव ठेवायचंय."

पाटीलसाहेबांनी पेपर खाली केला. "गांगुर्डे, मला नाक्यावर सोडता का?"

"पुढच्या वेळी," काका म्हणाले. आजवर त्यांनी असं उत्तर दिलं नव्हतं.

पेठ रस्त्यावर त्या दिवशी आमच्यापेक्षा हळू कोणी चाललं नसेल. सायकलवाले पुढे गेले. काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसले होते, मान पुढे काढून. घाट लागला तसे त्यांच्या मानेवरचे घामाचे थेंब मला मागून दिसायला लागले. काकूंनी मग बोलायला सुरुवात केली. भावानं लहानपणी बकरीला कुंची घातली होती ते. बाळाचं नाक कुणावर गेलं असेल ते. बारशाला आत्याच्या पाठीत बुक्के मारतात, यंदा वहिनी जुना हिशेब काढणार ते. काका नुसते हं हं करत होते. स्कूटर घसरली ते वळण कोणतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोघांपैकी कुणी दाखवलं नाही.

घाट मागे पडला. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडू लागलं होतं. काकूंचं बोलणं विरळ झालं आणि मग थांबलं. सुरगाण्याची एक खच्चून भरलेली जीप आम्हाला ओलांडून गेली. मागे लोंबकळणारा एक जण ओरडला, "बाबा, ढकलाया उतरू का?" एरवी काकांनी त्याला सोडला नसता. त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं.

"झोपली का?" त्यांनी मला कुजबुजत विचारलं.

मी वाकून बघितलं. काकूंची मान खिडकीला टेकली होती, तोंड जरासं उघडं होतं. "हो काका."

काकांनी खांदे सैल सोडले. आता हात कापत नव्हते.

गाव आलं. रस्त्यालगतच भावाचं घर, दारात मांडव, बायका ताट घेऊन उभ्या, नव्या टोपड्यातलं बाळ कुणाच्या तरी हातांत. भावांनी गाडीतल्या काकांना ओळखून हात वर केला. काकांनी त्यांच्याकडं बघितलं, मान हलवली आणि गाडी तशीच पुढे नेली. मांडव मागे गेला. भाऊ हात वर धरूनच चार पावलं मागोमाग पळाले.

"काका, घर मागं राहिलं," मी म्हणालो.

"दिसलं मला."

"मग?"

"झोपलीय ती," काका हळूच म्हणाले. "पुढनं वळून येऊ."

पुढे रस्ता सरळ पेठेकडं जात होता. वळायला चांगली रुंद जागा आली आणि मागे गेली. थोड्या वेळानं आणखी एक आली. काकांनी तीही जाऊ दिली.