दंडाची गिरकी

त्या रविवारी दंतवैद्याने सासऱ्यांना बोटींच्या शर्यतीत हरवले. आता असे काही घडलेच नाही, असे समजून पुढे वाचावे. दंतवैद्य स्वतःही तसेच समजून रोज दवाखाना उघडतो.

तर, सासरे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले आणि तळ्यावरच्या नौका क्लबचे अध्यक्ष. दर रविवारी ते रिमोटवर चालणाऱ्या, हातभर लांब शिडाच्या बोटींच्या शर्यतीत जावयाला हरवत. तेवढ्यावर भागले असते तर दंतवैद्याने तेही गिळले असते. पण सोमवारी सकाळी सासरे दवाखान्यातल्या बाकावर येऊन बसत आणि गाल सुजलेल्या माणसांना कालची शर्यत साग्रसंगीत ऐकवत. "हातभर बोट वळवता येत नाही हो याला!" असा समारोप झाला की निम्म्या पेशंटांची दाढ आपोआप दुखायची थांबे.

शेवटी बायकोने तोडगा काढला. "एकदा जिंकून दाखव. बाबा पुन्हा त्या बाकावर बसणार नाहीत. शब्द घेतलाय मी."

त्या रविवारी गाडीत पुढे कोण बसणार यावरून सासरे-जावयाचे वाजले आणि तळे येईपर्यंत अबोला पक्का झाला. दोघे एकमेकांशेजारी उभे राहायलाही तयार होईनात, म्हणून गाडीत मावण्यासाठी काढलेल्या डोलकाठ्या बायकोनेच बसवल्या आणि बोटी पाण्यात सोडल्या. बोटी दंतवैद्याने एकाच साच्यातून काढलेल्या, अगदी जुळ्या. पाण्यात ओळख काय ती शिडावरच्या आकड्याने. सासऱ्यांचा एक, जावयाचा सात. या गडबडीत बायकोने एकचे शीड नवऱ्याच्या बोटीवर चढवले आणि सातचे वडिलांच्या.

पंचाने, म्हणजे क्लबच्या शेजारच्या शिंप्याने, शिट्टी फुंकली. दंतवैद्याने रिमोटची काठी डावीकडे दाबली. सात सरळच गेली. एक मात्र डावीकडे वळली आणि सातवर आदळली.

"एकला दंड!" शिंपी ओरडला.

धडक देणाऱ्याने जागच्या जागी एक पूर्ण गिरकी मारायची, हा दंड. सासऱ्यांनी काठी गरागरा फिरवली. सातने ऐटीत गिरकी घेतली आणि घेता घेता एकला ठोकले.

"सातला दंड!"

दंतवैद्याने काठी फिरवली. एक फिरली. तिने सातला ठोकले.

"तुझ्या नवऱ्याला सांग," सासरे लेकीवर खेकसले, "मघाशी दंड मला होता. हा कशाला फिरला?"

"बाबांना सांग, मी फिरलोच नाही! आत्ता मी फिरवतोय तर ते फिरतायत!"

"दोघांना ऐकू येतंय ना? मग मी काय मधली तार आहे?"

"एकला दंड!" शिंप्याच्या घशातून आता शिट्टी आणि शब्द एकदमच निघू लागले. तळ्याच्या मधोमध दोन्ही बोटी एकमेकींभोवती पिंगा घालत राहिल्या. पोहणारी बदके उठून काठावर येऊन बसली.

अखेर सासऱ्यांचे डोके फिरले. "जा बाई, जा तुला कुठं जायचंय तिथं!" म्हणत त्यांनी काठी सोडूनच दिली. सातच्या शिडात वारा भरला, आणि ती सरळ रेषेत जाऊन शर्यत संपवून आली. क्लबच्या नियमात शिडावरचा आकडा तेवढा खरा.

"सात जिंकली!" शिंपी मटकन खाली बसला.

बोटी बाहेर काढून उलट्या केल्यावर तळाला कोरलेले मालकांचे आकडे दिसले आणि सगळा उलगडा झाला. सासरे नुसते हसले. दंतवैद्याला तेव्हाच धसका बसायला हवा होता.

सोमवारी सासऱ्यांनी दिलेला शब्द पाळला. ते बाकावर बसले नाहीत. बाकासमोर उभे राहिले. "शीड याचं, बोट माझी. याला जिंकवलं कुणी? मी. तेही हात न लावता!"

सुजल्या गालाच्या एक आजी दारातून आत डोकावल्या. "डॉक्टर, राग नका मानू. पण माझी दाढ तुमच्या सासऱ्यांनी काढली, तर चालेल का हो?"

त्याच संध्याकाळी क्लबकडे अर्ज गेला: "तरी माननीय अध्यक्षांनी सदर शर्यतीचा निकाल फिरवून, अर्जदार आपल्या सासऱ्यांकडून रीतसर हरला असल्याचे जाहीर करावे, ही नम्र विनंती."