फळ्याला कोण पुसतं?

माझ्या नजरेपुढे सुईचं नेढंसुद्धा लाजून मिटतं. कान तर असे, की पलीकडच्या वर्गात टाचणी पडली तर ती कोणाच्या हातून पडली हे मी सांगतो. पडली नसली तरी सांगतो. म्हणून गुप्तहेरीच्या कामात मी 'बहिरी ससाणा' हे नाव घेतलं आहे. आमची मंडळी, म्हणजे आमची बायको, म्हणते, "त्यातला पहिला शब्द अगदी खरा."

एरवी मी जादूच्या शाळेत अदृश्य होण्याचा विषय शिकवतो. माझं धड छान नाहीसं होतं. पाय राहतात.

शाळेतल्या वस्तू मंतरलेल्या आणि भलत्याच आज्ञाधारक. 'बसा' म्हटलं की मुलांच्या आधी बाकच बसतात.

तर प्रकरण झुळूकबाईंचं. वयाने पिकलेल्या, आवाजाने सायीसारख्या या बाई वाऱ्याचे मंत्र शिकवतात. मंत्र फळ्यावर लिहायचा, मुलांनी वाचायचा, मग सगळ्यांनी डोळे मिटून म्हणायचा. फळ्यावर अक्षरं आहेत तोवरच त्यात जीव. पण हल्ली मुलं डोळे मिटायची, उघडायची, आणि फळा कोरा! झुळूक सोडा, वहीचं पानही हलत नव्हतं.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "बाईंच्या अक्षरातली जादू आटली. आज मी स्वतः वर्गात बसते. नाही जमलं, तर वर्ग दुसऱ्याकडे."

झुळूकबाई माझ्याकडे आल्या. "मास्तर, वर्ग गेला तर मी घरी भिंतींना शिकवू का हो?"

"बाई, निश्चिंत राहा," मी म्हणालो. "गुन्हेगार माझ्या मुठीत आहे. फक्त मूठ कुठली, ते ठरायचंय."

पहिला संशय खडूवर. चाखून पाहिला. खडूच निघाला.

दुसरा संशय फळ्यावर. त्याला दरडावलं, "कबूल कर!" तो काळाठिक्कर पडला. मग लक्षात आलं, तो आधीपासूनच तसा आहे.

नव्या डस्टरला साक्षीदार म्हणून तपासलं. मऊ, गरीब, मान खाली घालून बसणारं. निर्दोष सोडलं.

तिसरा संशय आकडेमोडीच्या मास्तरांवर, कारण त्यांच्या बाहीवर खडूची पूड होती. ते म्हणाले, "तुमच्या बाहीवर नाही का?" होती. मी ताबडतोब स्वतःवर पाळत ठेवली. पण मी भारी चलाख; माझ्या हातावर तुरी देऊन निसटलो.

अखेर तास सुरू झाला. मोठ्या बाई पुढच्या बाकावर. मी कोपऱ्यात. मंडळी माझा विसरलेला डबा घेऊन आली होती, ती दाराशी उभी.

झुळूकबाईंनी लिहिलं:

ये गं वाऱ्याच्या लेकी, जरा टेकव पाऊल,
दमल्या जिवाला लागू दे तुझी चाहूल.

मुलांनी वाचलं. बाई प्रेमाने म्हणाल्या, "चला, मिटा डोळे. काही अडलं तर पुसा बरं, बाळांनो."

मीही डोळे मिटून करडी नजर ठेवली.

डोळे उघडले. फळा कोरा.

मोठ्या बाईंनी सुस्कारा टाकला. झुळूकबाई खडूकडे बघत राहिल्या.

"अगं बाई!" दारातून मंडळी खळखळून हसली. "बाई, तुम्ही 'पुसा' म्हणालात आणि ते डस्टर टुणकन उठून पुसून आलं की!"

"तू डोळे मिटले नाहीस?" मी गरजलो.

"मला कुठे मंत्र शिकायचाय? बाई, 'विचारा' म्हणा ना."

झुळूकबाई गोंधळल्या. "आमची आई उभ्या जन्मात 'विचार' म्हणाली नाही हो. 'पुस गं, काय ते' म्हणायची. विचारलं की चौकशी वाटते. पुसलं की पाठीवरून हात फिरल्यासारखं वाटतं."

त्यांनी पुन्हा लिहिलं. मुलांनी पुन्हा वाचलं. "अडलं तर…" बाईंनी डस्टरकडे पाहिलं, "विचारा."

डोळे मिटले. आणि आली! आधी वह्यांची पानं सळसळली, मग मुलांच्या कपाळावरचे केस उडाले. मोठ्या बाईंच्या करड्या बटा गालावर आल्या, तशा त्या लहान मुलीसारख्या दिसू लागल्या.

"वर्ग तुमचाच," त्या हळूच म्हणाल्या.

झुळूकबाईंचे डोळे भरून आले.

"अहो, रडताय काय?" मोठ्या बाई म्हणाल्या. "पुसा ते डोळे!"

डस्टर वाटच बघत होतं. क्षणात बाईंच्या दोन्ही डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं उमटली. बाई शिंकल्या, मग हसू लागल्या, त्यांचं हसू थांबेचना.

"मोठ्या बाई," सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "'पुसा' म्हणू नका!"

डस्टर बिचारं आज्ञाधारक. या वेळी ते मोठ्या बाईंकडे वळलं.