गांगुर्डेकाकांचे आडवे फोटो

गांगुर्डेकाका संगणकावर फोटो बघायला बसले की मान डाव्या खांद्याला टेकवून बसतात. समोरची माणसं आडवी असतात म्हणून. एकदा मी म्हटलं, "काका, फोटो फिरवा ना, मान कशाला फिरवता?" तर म्हणाले, "ताई, फिरवले होते. परत झोपले."

काका नाशिकला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटेच राहतात. पूर्वी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होते. हंगामाला येणाऱ्या बायकांचे गेटपाससाठी फोटो तेच काढायचे. पासला नुसता चेहरा पुरायचा, पण काका कॅमेरा उभा धरून पायापर्यंत सगळी बाई घ्यायचे. "अर्ध्या माणसाचा कसला फोटो?" असं त्यांचं म्हणणं. असे चार हजारांवर फोटो, आणि संगणकावर सगळ्या बायका आडव्या.

माझी नोकरी कॉम्प्युटरवरची, म्हणून तक्रारी माझ्याकडे. मी समजावलं, की हल्लीचा कॅमेरा उभा धरला की फोटोत तशी नोंद करतो. ती वाचून सॉफ्टवेअर फोटो आपोआप सरळ करतं. तुमचा कॅमेरा जुना, त्यानं नोंदच केलेली नाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सॉफ्टवेअरच्या कंपनीला मराठीतून मेल केला: 'आपले सॉफ्टवेअर आमची माणसे निजवून दाखवते. कृपया उठवावीत.' उत्तरात आभार आले. ते त्यांनी छापून फ्रीजवर लावलं.

मग मी सगळे फोटो एकदम फिरवायची युक्ती दाखवली. बायका उठल्या, पण मधूनमधून कॅमेरा आडवा धरून काढलेले टेम्पो आणि क्रेटच्या थप्प्याही उभ्या भिंतीवर चढल्या. काकांनी सगळं होतं तसं करून घेतलं. "एकेक करतो. लय तर लय." रोज सकाळी सातला बसायचे. सेव्ह करायचं राहिलं की पुन्हा पहिल्यापासून.

एका रविवारी मी वैतागून विचारलं, "एवढी कसली घाई आहे?"

"पेठकडची जना फोन करते. तिची आई, यमुना, आपल्याकडं पॅकहाऊसला कामाला होती. गेल्या साली वारली. घरात एक फोटो नाय." मग म्हणाले, "यमुना यातच हाये. पण आडव्या चेहऱ्यात माणूस ओळखू येत नाय, ताई."

मग मीही त्यांच्याशेजारी बसू लागले. चौथ्या दिवशी काकांनी एक फोटो सरळ केला आणि माऊसवरचा हात काढून घेतला. हिरवं लुगडं, अनवाणी पाय, दाबून धरलेलं हसू. "हीच," एवढंच म्हणाले.

जना मोठी प्रिंट न्यायला आली. बराच वेळ बघत राहिली.

"आई एवढी उंच होती? मी पाह्यली तेव्हा वाकलेलीच."

निघताना ती म्हणाली, "काका, तुमचा फोटो दावा ना."

चार हजारांत काकांचा एकही नव्हता. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. जनानं मोबाईल काढला. काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी दोन्ही मांड्यांना चिकटवून ताठ उभे राहिले.

जनानं फोटो काढला, मोबाईल पिशवीत टाकला, नमस्कार केला, चपला घातल्या. काका अजून तसेच उभे होते.