आधी रिकामं, मग वजन, मग मानूस

धाकूनाना सुतारांनी नव्या वहाणा आणल्या की पहिला दिवस त्या नुसत्या उंबऱ्यात बसून राहत. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर एकेक वीट चढे. नानांचे पाय आत जायचे ते तिसऱ्या दिवशी, आणि तोवर नाना गावभर अनवाणी. मी एकदा म्हटलं, "नाना, वहाणच ती. तुटली तर तुटली." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी दवाखान्यात विषाच्या बाटल्या वाटतो.

"कंपौंडर, आधी रिकामं, मग वजन, मग मानूस. ध्यानात ठेवा."

शहापूरहून मुरबाडकडे जाताना काळू नदीच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या सरकारी दवाखान्यात मी कंपौंडर होतो आणि नानांच्या शेजारी खोली घेऊन राहत होतो. नाना साठीचे, एकटे. बायको, जनाबाई, फार पूर्वी गाडीच्या अपघातात गेलेली. मूलबाळ नाही. पंचक्रोशीतल्या निम्म्या बैलगाड्या त्यांच्या हातच्या, पण स्वतः नाना गाडीत कधी बसत नसत. गाडी पुढे आणि नाना मागून चालत. कुणी आग्रह केला तर म्हणत, "पाय दिलेत की देवानं."

मी त्यांना खोकल्याचं औषध दिलं, तर आधी रिकामी बाटली मागितली. ती हुंगली. मग तीत पाणी भरून प्यायले. खरं औषध पोटात जाईपर्यंत खोकला कंटाळून निघून गेला होता. पुतणीच्या लग्नात तर कहर केला. नवरी सासरी निघाली, तर नानांनी नवी गाडी आधी रिकामी वेशीपर्यंत पळवली, मग भाताची पोती घालून. नवरी रडून रडून थकली, डोळे पुसून बसली, आणि गाडी परत आल्यावर तिला पुन्हा पहिल्यापासून रडावं लागलं. भिकू न्हावी म्हणाला, "नाना, नवऱ्यालाबी आदी रिकामाच धाडा सासरी!" पण नानांना हसू आलं नाही. गाडी नजरेआड होईपर्यंत ते चाकाकडेच पाहत होते.

पेपर आमच्याकडे एस्टीनं दुसऱ्या दिवशी यायचा. तिन्हीसांजेला ओट्यावर बसून मी तो नानांना आणि भिकूला वाचून दाखवी. एकदा वाचलं, की आभाळात माणूस पाठवण्याआधी तिकडच्या लोकांनी यान रिकामं सोडून पाहिलं, मग कुत्रं घातलं, मग माणूस. नाना ताडकन उभे राहिले.

"तिकडं कोनतरी सुतार हाय," ते म्हणाले. "बगा तुमी."

तेव्हापासून नानांचं मन जमिनीवर राहीना. रंधा मारता मारता हात थांबायचा आणि ते वर बघत राहायचे. ते लोक आता चंद्रावर जायचं म्हणत होते, आणि चंद्र म्हणजे नानांच्या लेखी डोंगरावरची एक वाडी, रस्ता न झालेली. "चढ कसा हाय?" ते विचारत. यानाचे खालचे भाग वाटेत एकेक करून गळून पडतात, असं मी सांगितलं तेव्हा काळजीत पडले. "म्हंजे बैल वाटंतच सोडायचे? मग येनार कसं?" थोड्या वेळानं आपलं आपणच म्हणाले, "येतील. घरची वाट उताराचीच आसती."

मग बातमी आली की आता तीन माणसांचं नवं यान तयार होतंय. नानांनी अंगणात फळ्यांची एक भलीमोठी पेटी उभी केली. माणसं उताणी, पाय वर, असं मी पेपरातलं चित्र पाहून सांगितलेलं. पेटी आधी रिकामी ठेवली, त्यात कोंबड्या राहून गेल्या. मग पोती. शेवटी नाना, मी आणि भिकू असे तिघे आत जाऊन पाय वर करून पडलो. दार उघडंच होतं. वरच्या फटीतून आभाळ आधी केशरी, मग जांभळं झालं, आणि एक चांदणी अगदी नाकासमोर उगवली. गुरं घरी येत होती, त्यांच्या घंटा खालून, फार खालून येताहेत असं वाटलं. फळीला पाठ टेकलेली असूनही आपण जरासे उचललो गेलोय, अशी मला शपथ घ्यावीशी वाटली.

"एवढ्या वरनं सिद्धगडाच्या पायथ्याचं गाव दिसंल का?" नानांनी हळूच विचारलं. तिकडे त्यांची सासुरवाडी होती.

"गाव दिसेल."

"मानसं?"

"माणसं नाही दिसायची, नाना."

भिकू घोरायला लागला, तेव्हा आम्ही पृथ्वीवर उतरलो.

पुढे ऐन थंडीत ती बातमी आली. नव्या यानात तिघं जण सरावाला बसले होते, आत आग लागली, दार वेळेत उघडलं नाही, तिघंही गेले. मी वाचून थांबलो.

"वर गेले व्हते?" नानांनी विचारलं.

"नाही. जमिनीवरच. अजून उडायचं होतं. चाचणी चालली होती."

"चाचनीत?" नाना म्हणाले. "कंपौंडर, चाचनीत मानूस कसा मरंल? मानूस मरू नये म्हनून तर चाचनी!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणातल्या पेटीचं दार उपटून काढलं. रंध्याला हात लावला नाही. दहाव्या दिवशी सकाळी पाहतो तर डोक्याचा गोटा करून नाना दारात उभे. "चला नदीवर. त्यांचं कोन हाय हितं?"

भिकूनं गाडी जुंपून भटजींना आणलं होतं. नाना अर्थात मागून चालत आले. भटजी कुरकुरत होते. "अहो, साहेबलोकांचं दहावं? नावं काय त्यांची?"

नानांना ती नावं उच्चारता येईनात. "कडंचा, मदला नि पल्याडचा," ते म्हणाले. "जसे बसले व्हते तसे."

"आणि गोत्र?"

"तुमीच बगा."

"गोत्र ठाऊक नसेल त्याचं काश्यप," भटजींनी सुस्कारा सोडला, आणि तीन परदेशी वीर काश्यप गोत्राचे झाले.

मी पिंड पाहिले तर चार. "नाना, तिघंच होते ना?"

"चवथा हिचा," नाना म्हणाले. "तवा शिवला नव्हता कावळा. दर्भाचा करून उरकलं."

उंबरावर कावळे बसले होते. एकही खाली येईना. भिकूनं हात जोडून सांगितलं, "तुमच्या पोराबाळांना सरकार सांभाळंल." कावळे ढिम्म. मी म्हटलं, "यान दुरुस्त करून तुमचे सोबती जातील." एकानं पंख खाजवले, एवढंच. ऊन चढलं. भटजी दर्भ चाचपू लागले, तसे नाना कळवळून म्हणाले, "नको भटजी. दर्भाचा नको. आज तरी नको."

मग वाळूत बसून, कुणाकडे न बघता, ते बोलू लागले. "गाडी नवी व्हती. आस मीच घातला व्हता. तिला भावाकडं जायची घाई. म्हनली, नवी गाडी हाय, बसू का? मी म्हनलो, बस. सिद्धगडाच्या उतारावर आस मोडला. नदीवर तिला सगळं कबूल केलं. भावाला सांभाळीन, दुसरं लगीन करनार नाय. नाय शिवला. काय पायजे व्हतं तिला, मला कदी कळलंच नाय."

नाना उठले, तीन पिंडांसमोर उभे राहिले आणि हात जोडले.

"बाबांनो, तुमी गेलात, वाईट झालं. पन ज्यानं ते यान बनवलं, ते दार बनवलं, त्याला शाप देऊ नका. त्यानं जीव लावून बनवलं आसंल. त्यो आज जेवलाबी नसंल रे. त्याला सोडा."

उंबरावरून एक कावळा उतरला. तीन पिंड ओलांडून तो सरळ चौथ्यापाशी गेला आणि त्यानं चोच मारली. मग बाकीचे आले, आणि एकच झुंबड उडाली.

"भिकू," नाना म्हणाले, "शिवला का रे? मला नीट दिसत नाय."

"शिवला, नाना. तिला पयला शिवला."

नाना लहान मुलासारखे रडले. भटजीसुद्धा उपरण्यानं नाक पुसत होते.

परत निघताना भिकूनं गाडी जुंपली. भटजी बसले, मी बसलो. नाना चाकापाशी उभे राहिले, आसावर हात ठेवला आणि कुणी काही म्हणायच्या आत मागच्या बाजूला चढून पाय खाली सोडून बसले. आम्ही तिकडे पाहायचं टाळलं. आभाळात दिवसाचा फिकट चंद्र होता, जेमतेम कोर.

"पुडच्या यानातबी तिघंच?" त्यांनी विचारलं.

"तिघंच."

"बरं."

गावाच्या अलीकडे एक टेकाड आहे, आणि त्यापलीकडे मोठा उतार. गाडी उताराला लागली, तसा नानांनी माझा हात धरला, इतका घट्ट की बोटं दुखली. उतार संपला, गाडी सपाटीवर आली, आमची घरं दिसू लागली, तरी त्यांनी तो सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.