उशिराचं वेळापत्रक

मी एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली. मी आखलेली हद्द कधी बोटभरही हलली नाही. शेजारी हलले, त्यांचे वकील हलले, एकदा तर अख्खा गोठा हलवावा लागला, पण हद्द जागच्या जागी! असा माणूस आमच्या ओल्टेन गावापासून डेन्मार्कपर्यंतचा एक साधा रेल्वेप्रवास आखू शकणार नाही, असं कुणी म्हटलं तर राग येणार की नाही?

तसं कुणी म्हटलं नव्हतं. पण आमची त्रुडी ज्या पद्धतीने गप्प बसली होती, त्यावरून मला ते स्पष्ट ऐकू आलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तेवढे कान तयार होतात.

झालं होतं असं, की आमची एकुलती एक लेक सेराइना नोकरीसाठी डेन्मार्कमधल्या ऑरहूसला गेली आणि तिथल्याच येप्पे नावाच्या मुलाशी लग्न ठरवून बसली. मुलगा चांगला आहे, फक्त सगळीकडे सायकलने जातो. लग्नाची पत्रिका आली, फ्रिजवर लागली: शनिवार, सकाळी अकरा वाजता, नगरभवन. त्रुडीने सहा महिने खपून लग्नाचा झगा शिवला. त्याला घडी चालणार नव्हती म्हणून माणसाच्या उंचीचं एक खोकं आणलं. आता त्रुडी, मी आणि खोकं असे तिघं जण शनिवारी अकराच्या आत पोचलो नाही, तर नवरी सायकलच्या चड्डीत लग्नाला उभी राहणार होती!

"पप्पा, या वेळी पहिल्या रांगेत बसायचं हं," सेराइना फोनवर म्हणाली होती.

या 'या वेळी'मागे थोडा इतिहास आहे. तिच्या पदवीदानाला मी व्हिएन्नात पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्यांच्या चळती लावत होता. ती चूक ऑस्ट्रियाची होती, माझ्या बेताची नव्हे, हे मी तेव्हाही सिद्ध करून दाखवलं होतं. पण त्या रिकाम्या दालनात पदवीचा कागद हातात धरून एकटी उभी असलेली पोर मला अजून दिसते. म्हणून या वेळी मी तिला शब्द दिला. आणि शब्द दिला म्हटल्यावर जेवणाचं टेबल रिकामं केलं, तीन देशांचे नकाशे पसरले आणि कामाला लागलो.

आमच्या देशात गाडी बदलायला चार मिनिटं मिळाली तर माणूस मध्ये कॉफी पिऊन येतो. अडचण होती ती जर्मनीची. आमच्या वरच्या मजल्यावर पोल राहतात, मूळचे जर्मनीतल्या कोलोनचे. मी त्यांना जिन्यात गाठलं.

"पोल, हँबुर्गला गाडी बदलायला किती वेळ ठेवू?"

"एक दिवस," पोल म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

दुसरा कुणी असता तर घाबरून विमानाची तिकिटं काढून मोकळा झाला असता. पण मी मोजणी खात्यातला माणूस! उशीर होतो ना? मग उशीर मोजू या की! मी नवी वही काढली, रकाने आखले: तारीख, ठरलेली वेळ, खरी वेळ, उशीर, कारण. आणि बेचाळीस दिवस रोज दुपारी फोनवर दोन गाड्यांवर पाळत ठेवली. एक आमच्या सीमेवरच्या बासेलहून निघून संध्याकाळी पाच वाजून दोन मिनिटांनी हँबुर्गला पोचणारी. दुसरी तिथून डेन्मार्कला जाणारी, त्या दिवसाची शेवटची, चार वाजून त्रेपन्न मिनिटांची.

तुम्ही म्हणाल, दुसरी तर पहिली यायच्या आधीच सुटते. कागदावर सुटते हो! बेचाळीस दिवसांत ती एकदाही वेळेवर सुटली नव्हती. कमीत कमी सव्वीस मिनिटं उशीर, जास्तीत जास्त एकशे चौदा. कारणं: सिग्नल, चालक आला नाही, चालक आला पण गाडी आली नाही, रुळावर हंस. आमची बासेलची गाडीही उशीर करायची, पण बिचारी फार तर पंधरा मिनिटं. वजाबाकी केली. वाईटात वाईट दिवशीसुद्धा माझ्या हातात पूर्ण दोन मिनिटं उरत होती! खोकं घेऊन फलाट बदलायचा सराव मी ओल्टेनच्या स्टेशनात केला. एक मिनिट चाळीस सेकंद! लोक बघत होते. बघू देत.

"यांच्या वेळापत्रकावर विसंबणारे मूर्ख असतात," मी त्रुडीला वही दाखवत म्हटलं. "मी यांच्या उशिरावर विसंबतोय. त्यात खाडा नाही."

"ऊर्स, त्यापेक्षा दोन तास आधीची गाडी धरली तर?"

"आणि हँबुर्गला दोन तास कबुतरं मोजत बसू?"

"बरं."

"बरं म्हणजे काय?"

"बरं म्हणजे बरं. आखणारा तू." आणि ती विणायला बसली. खरं तर मला तिथेच संशय यायला हवा होता. वाद न घालता त्रुडी 'बरं' म्हणाली असं याआधी फक्त आमच्या लग्नात घडलं होतं.

पोलनी मात्र वही नीट वाचली. दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "काम सुरेख आहे. पण एक सांगू? आमच्या गाड्यांवर कधी विश्वास ठेवू नका. त्यांच्या उशिरावरसुद्धा!"

मी सोडून दिलं. आपल्या देशाला नावं ठेवायची काही लोकांना सवयच असते.

तिकीट खिडकीवर मात्र पंचाईत झाली. खिडकीतल्या बाईंनी तीनदा बटणं दाबली, तिन्ही वेळा संगणकाने नकार दिला.

"साहेब, ही गाडी तुम्ही पोचायच्या आधी नऊ मिनिटं सुटते."

"कागदावर, बाई!"

"तिकीटही मी कागदावरच देते, साहेब."

मी वही काढली. बाईंनी बेचाळीस दिवस बघितले, माझ्याकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला: दोन वेगवेगळी तिकिटं.

"पण एक ध्यानात ठेवा," बाई म्हणाल्या. "दुसरी गाडी चुकली तर ती तुमची तुम्ही चुकवली. कुणी वाली नाही."

"चुकायला ती आधी सुटली पाहिजे ना!" मी म्हटलं. मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मला वाटलं, माझ्या विनोदाला.

शुक्रवार उजाडला. त्रुडीने बॅगेच्या अगदी वरच्या कप्प्यात दोघांचे टूथब्रश आणि माझा रात्रीचा सदरा ठेवला होता.

"हे तळाशी टाक. ऑरहूसला पोचल्यावरच लागणार."

"राहू दे वर," ती म्हणाली.

बासेलला फलाटावर गेलो तर गाडी उभी! वेळेवर! मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, सुरुवातीला सगळेच उत्साहात असतात. डब्यात खोक्याला खिडकीशी उभं केलं, त्याला पट्टा बांधला. समोरच्या आजींनी विचारलं, "यांना बरं नाही का?"

फ्रायबुर्ग वेळेवर. कार्ल्सरूहे वेळेवर. मानहाइमच्या आधी भोंग्यातून आवाज आला, "प्रवासी मित्रांनो, आपण मानहाइमला वेळेवर पोचत आहोत." लोकांनी एकमेकांकडे संशयाने बघितलं. फ्रांकफुर्टलाही तेच ऐकू आलं तेव्हा मागच्या बाजूला कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कासेलपर्यंत अख्खा डबा टाळ्या वाजवत होता. समोरच्या आजींनी डोळे पुसले. "माझ्या लहानपणी असं असायचं हो," त्या म्हणाल्या.

मीही डोळे पुसत होतो. कारण फोनवर डेन्मार्कच्या गाडीसमोर, बेचाळीस दिवसांत मी कधीही न पाहिलेला शब्द उमटला होता: वेळेवर.

मी टीसीला गाठलं. दाढीवाला माणूस, छाती दोन इंच फुगलेली.

"त्या डेन्मार्कच्या गाडीला किती उशीर आहे?"

"काही नाही! आज सगळं वेळेवर आहे! बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा!"

"अहो, काहीतरी करा ना!"

"काय करू? उशीर करू?"

"फक्त नऊ मिनिटं! एक फोन करा, गाडी थांबवायला सांगा. माझ्या मुलीचं लग्न आहे. तो बघा, झगा!"

टीसीने खोक्याकडे बघितलं. क्षणभर त्याचा चेहरा मऊ झाला. मग पुन्हा छाती फुगली. "एरवी थांबवली असती, साहेब. एरवी आम्ही कुणासाठीही थांबतो, नाहीतरी थांबलेलेच असतो. पण आज? आज कुणी ऐकायचं नाही. आज विक्रम होतोय!"

जागेवर येऊन मी त्रुडीला सगळं सांगितलं. तिने सुया थांबवल्या नाहीत. "चीजचं सँडविच खातोस?" एवढंच विचारलं. पोटच्या पोरीच्या लग्नाबद्दल एवढी थंड आई मी पाहिली नव्हती, आणि तसं मी तिला बोलूनही दाखवलं. तिने सँडविच माझ्या हातात दिलं.

पाच वाजून दोन मिनिटांनी, सेकंदाचा फरक न करता, आम्ही हँबुर्गला पोचलो. टाळ्यांचा कडकडाट! मी खोकं खांद्यावर टाकून धावलो. एक मिनिट अडतीस सेकंद! माझा स्वतःचा विक्रम! फलाट रिकामा. झाडूवाला झाडत होता.

चौकशीच्या खिडकीवर मी घामाघूम उभा राहिलो. "मला तक्रार नोंदवायची आहे."

"कशाची?" आतल्या गृहस्थाने फॉर्म पुढे ओढला.

"गाडी वेळेवर सुटली याची!"

त्याने फॉर्म वरून खाली वाचला, उलटा करून मागची बाजूही वाचली. "याला रकाना नाही," तो म्हणाला. तो खरंच दिलगीर दिसत होता. पुढची गाडी सकाळी होती, ऑरहूसला बारा वाजून वीस मिनिटांनी पोचणारी. लग्न अकराला.

मी बाकावर बसलो. शेजारी खोकं. समोर कबुतरं. मला पुन्हा त्या खुर्च्यांच्या चळती दिसायला लागल्या. ज्या माणसाची हद्द कधी बोटभर हलली नाही, तो पोरीला दिलेला शब्द मोडून बसला होता, आणि या वेळी दोष द्यायला ऑस्ट्रियाही नव्हता. मी फोन लावला.

"सेराइना," मी म्हटलं, "बाळा, गाडी चुकली. आम्ही उद्या बारा वीसला पोचतोय. माझंच चुकलं."

ती शांतपणे म्हणाली, "चालेल पप्पा. वेळ आहे भरपूर. लग्न तीनला आहे."

"तीनला? पत्रिकेत अकरा लिहिलंय!"

"तुझ्या पत्रिकेत."

"म्हणजे?"

"एकच छापली तशी. बाकी सगळ्यांच्या पत्रिकेत तीन आहे." ती जरा अडखळली. "रागावू नकोस. मी तुझ्या आजवरच्या उशिरांचा हिशेब काढला होता. व्हेनिसला तीन तास, प्रागला साडेपाच, व्हिएन्नाला साडेतीन. सरासरी चार तास धरली. मला तू पहिल्या रांगेत हवा होतास रे."

"आणि कारण?" माझ्या तोंडून निघून गेलं. "कारणाचा रकाना केलास का?"

"केला ना. तिन्ही ठिकाणी एकच आहे: पप्पाचा बेत."

मी फोन ठेवला आणि त्रुडीकडे वळलो. ती विणकाम गुंडाळत होती.

"तुला माहीत होतं?"

"तुझ्या पत्रिकेचा मसुदा तपासून मीच दिला," ती म्हणाली. "चल. स्टेशनसमोरच खोली घेऊन ठेवली आहे."

"कधी घेतलीस?"

"तू तिकिटं काढलीस त्याच संध्याकाळी."

सकाळची गाडी अडतीस मिनिटं उशिरा आली. जर्मनी ताळ्यावर आली होती. दोन वाजता मी नगरभवनात होतो. पहिल्या रांगेत, पहिल्या खुर्चीवर, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तीनला सेराइना आईने शिवलेला झगा घालून आत आली आणि तिने सगळ्यांत आधी त्या खुर्चीकडे बघितलं. मी हात वर केला, शाळेत हजेरीला करतात तसा. नंतरचं मला नीट दिसलं नाही. गाडीतल्या त्या आजींसारखंच झालं.

आता तुम्हाला वाटेल, ऊर्सला धडा मिळाला. मिळाला तर! परवाच सेराइनाची चिठ्ठी आली: नाताळचं जेवण, चोवीस तारखेला, दुपारी एक वाजता. मी गालातल्या गालात हसलो. आता मला तिची पद्धत ठाऊक आहे! एक म्हणजे पाच! चार तास हातात! मी टेबल रिकामं केलं, नकाशे पसरले, वहीत नवीन रकाने आखले. थोड्या वेळाने मान वर केली तर त्रुडी फोन कानाला लावून उभी होती.

"हो, तीच खोली," ती सांगत होती. "स्टेशनसमोरची."