मस्करॅट्सचा सत्कार

आरतीला डोकं झाकायचं म्हणून आमच्या मंडळातले पुरुष टोप्या घालतात. कुणी गांधी टोपी, कुणी तयार फेटा, कुणी ऑफिसच्या पिकनिकला फुकट मिळालेली. घैसासकाकाही घालतात. त्यांच्या टोपीवर घूस असते. दात विचकून, हातात बॅट घेऊन थेट गणपतीकडे बघणारी घूस. कुणी नाक मुरडलं की काका म्हणतात, "उंदीर चालतो ना तुम्हाला? मग घूस का नाही चालत?" याला उत्तर नाही. आमच्या गुरुजींनीही शोधून पाहिलं.

आता ही घूस कोण ते सांगते. अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात गाद्यांच्या एका व्यापाऱ्याने हौसेने बेसबॉलची टीम काढली होती. मायनर लीग. म्हणजे टीव्हीवर दिसतात ते बडे खेळाडू नव्हेत; पुढेमागे बडे होऊ या आशेवर तुटपुंज्या पगारात खेळणारी पोरं. टीमचं नाव मस्करॅट्स. मस्करॅट म्हणजे आपल्या घुशीचा पाण्यात राहणारा चुलतभाऊ. पंधराएक वर्षांपूर्वी ही टीम दोन उन्हाळे खेळली, दोन्ही उन्हाळे तळाला राहिली. मग व्यापाऱ्याचं दुकान बसलं आणि त्याबरोबर टीमही बसली. मैदानावर आता पार्सलचं गोदाम आहे. गावात विचारलंत तर लोक म्हणतील, कुठली टीम?

घैसासकाकांना मात्र विचारावंच लागत नाही. ते रिटायर्ड इंजिनिअर, मूळचे पुण्याचे, त्यामुळे त्यांच्याकडे इतिहास तयार असतो. डोहाळजेवण असो की कुणाच्या ग्रीन कार्डची पार्टी, हातात प्लेट आली की काका सुरू. "हे रेकॉर्डवर घ्या," म्हणून बोट वर करतात. त्यांच्या इतिहासात मस्करॅट्स कधीच हरलेले नाहीत. "तत्त्वतः आपण जिंकलोच होतो!"

"आणि प्रत्यक्षात, काका?"

"प्रत्यक्षात अंपायर आंधळा होता."

माझा मुलगा इथेच जन्मलेला, त्याला लाजबीज काही नाही. तो एकदा तोंडावर म्हणाला, "काका, दे वेअर टेरिबल!" काकांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं आणि पुन्हा पहिल्या मॅचपासून सुरुवात केली. भोगलं आम्ही सगळ्यांनी.

त्या पहिल्या मॅचचा किस्सा तर आता आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. शुभारंभ म्हणून काकांनी मालकाला पटवलं की होम प्लेटवर नारळ फोडायचा. बॅट घेऊन उभं राहायची ती पांढरी पाटी, ती होम प्लेट. गाद्यावाल्याला वाटलं, चार इंडियन लोक तिकिटं काढतील. काका झब्बा घालून मैदानात उतरले, मंत्र म्हणाले आणि नारळ आपटला. आता होम प्लेट असते रबराची. नारळ फुटला तर नाहीच, चेंडूसारखा उडाला आणि अंपायरच्या नडगीवर बसला. अंपायर एका पायावर नाचला, आणि दोन्ही सीझन मस्करॅट्सच्या विरुद्ध निकाल देत राहिला, असं काकांचं म्हणणं. मला विचाराल तर त्याची काही चूक नव्हती.

पण काकांच्या या वेडाची खरी सुरुवात त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये झाली. या पोरांना पगारात भाडं परवडत नाही म्हणून आसपासची कुटुंबं त्यांना सीझनपुरती घरी ठेवून घेतात. काकांनी फॉर्म आणला तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "आईबापांपासून लांब आहे ना पोरगं? येऊ दे." आला तो कोडी. नेब्रास्काचा, टीमचा कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, दारातून वाकून यायचा. पहिल्या आठवड्यात थालीपीठ बघून घाबरला, दुसऱ्या आठवड्यात सहा सहा खायला लागला. मग काकू रोज मैदानावर डबा घेऊन जायला लागल्या आणि सगळी टीम त्यांना 'काकू' म्हणायला लागली. काकांची मुलगी लांब चँडलरला असते, वर्षातून एकदा येते. त्या दोन उन्हाळ्यांत मात्र समोरच्या त्यांच्या घरातून हसण्याचे आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचे.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. झोपेतच. काका रडले नाहीत. दहाव्या दिवशीसुद्धा भेटायला आलेल्यांना टीमचा इतिहास सांगत होते. लोक बाहेर येऊन म्हणाले, कमाल आहे बाई या माणसाची. मीही म्हटलं, खोटं कशाला बोलू?

यंदा वसंतात काका माझ्या दारात उभे. "हे रेकॉर्डवर घे. मस्करॅट्सचा जाहीर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. सगळ्या टीमला बोलवायचं."

"काका, तळाला राहिलेल्या टीमचा सत्कार कोण करतं?"

"जिंकलेल्यांचा कुणीही करतो," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून, "बाकीचे नाही आले तरी चालेल. कोडी आला पाहिजे. तू बघ जरा, त्याला नीट इंग्लिशमध्ये लिही. माझं इंग्लिश जुनं झालंय."

मी लिहिलं. कोडीचं उत्तर आलं, ट्राय करतो. अमेरिकेत ट्राय करतो म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. काका रोज विचारायचे, "पक्कं कळवलं का त्याने?" मी रोज म्हणायची, "नाही हो काका." दुसरं काय सांगणार?

मंडळाचे अध्यक्ष दातेसाहेब. त्यांना बेसबॉल कशाशी खातात ते माहीत नाही, पण सत्कार म्हटल्यावर अंगात उत्साह संचारला. दीपप्रज्वलन ठरलं. हॉलवाल्याने ज्योत लावायला मनाई केली म्हणून बॅटरीची समई आणायचं ठरलं. स्वागतपर भाषण दाते करणार, प्रास्ताविक दाते करणार, अध्यक्षीय समारोप अर्थातच दाते. काकांना बोलायला पाच मिनिटं दिली. काका चक्क हो म्हणाले! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रविवारी दुपारी हॉल भरला. घुशीच्या प्रेमाने नव्हे, श्रीखंड-पुरीचा मेनू आधीच जाहीर झाला होता. स्टेजवर खुर्च्यांची रांग, समोर शालींची चळत. खेळाडू? एकही नाही. एकाने नोकरीचं कारण कळवलं, एकाच्या बायकोचे दिवस भरले होते, बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नव्हते. दात्यांचं स्वागत झालं, प्रास्ताविक झालं, समईची बॅटरी संपली. स्वयंपाकघरातून पुऱ्यांचा वास यायला लागला तशी चुळबुळ वाढली.

तेव्हा दात्यांनी माइक हातात घेतला. "शाली आणलेल्याच आहेत, तर आपल्या कार्यकारिणीने वर्षभर जे कष्ट घेतले..."

आणि खरंच सुरू केलं हो! खजिनदाराला शाल, सांस्कृतिक प्रमुखांना शाल, पार्किंग बघणाऱ्याला शाल. शेवटची शाल दात्यांना, तीही बायकोच्या हस्ते. टाळ्या काय, फोटो काय! मेल्यांनो, असं पुटपुटत मी काकांना शोधायला बाहेर पडले.

काका दाराशी उभे होते, पार्किंग लॉटकडे डोळे लावून. हातात काकूंचा फोन. जुना, कोपऱ्यात काच तडकलेला. अजून चालू होता, काका त्याचं बिल भरत होते.

"मी कोडीला सांगितलेलंच नाही," काका म्हणाले. "काकू गेल्याचं. तो मदर्स डेला हिला मेसेज करतो. वाढदिवसाला करतो. ही गेल्यावर पहिला आला, तेव्हा माझ्याने लिहवेना. म्हणून हिच्या नावाने उत्तर दिलं. मग पुढचा आला. मग पुढचा. तीन वर्षं मीच काकू झालोय त्याची. असं मेसेजमध्ये सांगतात का ग? समोर बसवून सांगायला पाहिजे ना? म्हणून हा सगळा खटाटोप."

एवढा मोठा समारंभ, मानपत्रं, शाली, आणि दात्यांची भाषणं सहन करणं, सगळं एका पोराला घरी बोलवायला.

तेवढ्यात चिखलाने माखलेला एक पिकअप ट्रक आत वळला. कोडी वाकूनच उतरला. एसी दुरुस्तीच्या कंपनीचा शर्ट, अर्धी दाढी पिकलेली. रात्रभराचं काम संपवून तसाच ड्राइव्ह करत आला होता.

काका पुढे झाले. ज्या माणसाला गप्प बसवायला आम्हाला आरती सुरू करावी लागते, त्या माणसाला दोनच शब्द जमले. "कोडी, काकू..." एवढंच म्हणाले आणि फोन पुढे धरला.

"मला माहीत आहे, काका," कोडी त्याच्या इंग्लिशमध्ये म्हणाला. "गेल्या त्या वर्षीच कळलं. मी मदर्स डेचा मेसेज केला, तर उत्तर आलं, थँक यू बेटा, बॅट करताना कोपर वर ठेव." तो हसला, पण डोळे पुसत होता. "कोपराचं तर रोज तुम्ही सांगायचात. काकूंना मी कुठल्या टीमकडून खेळतो तेसुद्धा माहीत नसायचं. त्या दोन्हीकडच्या रनला टाळ्या वाजवायच्या. मी नेटवर त्यांचं नाव शोधलं, तर निधनाची बातमी सापडली."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तुम्हाला लिहावंसं वाटत होतं. मलाही वाचावंसं वाटत होतं."

मी हॉलमध्ये गेले, सरळ स्टेजवर चढले आणि फोटोला उभ्या राहिलेल्या दात्यांच्या खांद्यावरची शाल ओढून घेतली. ते "अहो, अहो!" करत राहिले. मी नागपूरची आहे, मला अहो-अहोने फरक पडत नाही.

शाल काकांच्या हातात दिली. कोडी गुडघ्यांत वाकला. काकांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, तिची टोकं सारखी केली, पुन्हा सारखी केली. मग त्याचा उजवा हात धरून कोपर जरा वर उचललं.

"अजून खालीच आहे," काका म्हणाले. आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून, काकू गेल्या तेव्हा रडले नव्हते ते सगळं रडले.