हंसाबाईंचा बंदोबस्त

हंसाबाईंच्या घरात वस्तू झिजते, पण मोडत नाही, हे नेरच्या त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. म्हणून गेल्या महिन्यात सून गुंजनने यवतमाळहून आणलेल्या पांढऱ्या सशिणीने, चांदीने, टीव्हीची वायर, सोफ्याची झालर आणि देवघराच्या दाराचा कोपरा कुरतडला, तेव्हा त्यांनी पदरच खोचला.

"आई, पिंजऱ्यात ठेवू का तिले?"

"काहून? घर माहं हाये. माह्या घरात राहीन अन् माह्या धाकात राहीन!"

शेतातली ठिबकची जुनी नळी उभी चिरून त्यांनी प्रत्येक वायरीवर चढवली. पलंगाच्या पायांना तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. दाराला कडुनिंबाचा लेप दिला. मग शेजारणींना बोलावून दाखवलं. "आता वाघीण आली तरी दात पडतीन तिचे!"

चांदीने सगळीकडे तोंड लावून पाहिलं. मग जिथं ना नळी होती ना पत्रा, अशा एकाच जागी ती शिरली. भाव चढेल म्हणून तिथं, मागच्या खोलीत, दिवाळीपासून कापूस भरून ठेवला होता. भाव मात्र रोज उतरत होता. पांढऱ्यात पांढरं, कोणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी व्यापारी किसनसिंग गाडी घेऊन आले आणि इंजिन चालूच ठेवून आत शिरले. रिवाजाप्रमाणे बाही सारून त्यांनी खांद्यापर्यंत हात गंजीत खुपसला, आतला पुंजका ओढून बोटांत ताणला आणि बघतच राहिले.

"बाई, बोंडअळीच्या साली असा मऊ माल? गावात सगळ्यात वरचा भाव देतो. भरा गाडी!"

हंसाबाईंची मान ताठ झाली. "हात लागते त्याले, भाऊ!"

गुंजनने पुंजका उलगडला. "आई, यात तर चांदीचे केस हायेत."

हंसाबाईंनी एकदा केसांकडे, एकदा गाडीकडे पाहिलं. "किसनसिंग भाऊ, दुसऱ्या जागचा ओढा. माह्या कापसाले उसनी तारीफ नाही पाह्यजे."

त्यांनी ओढला. "चांगला हाये. पण तेवढा भाव नाही बसत. बोला, भरू?"

तेवढ्यात गुंजनने वरचा थर बाजूला केला. आत खळगा, खळग्यात उपटलेल्या केसांची गादी आणि गादीवर चांदीची गुलाबी पिल्लं!

"उचला यांना लवकर," किसनसिंग म्हणाले. "भाव उद्या अजून पडन."

गुंजन वाकली. हंसाबाईंनी तिचा हात धरला.

"बाळंतिणीचं अंथरूण कोणी ओढते काय वं? जा, मेथीची जुडी आण."

"पण आई, भाव?"

"पडो. माह्या घरी बाळंत झाली, म्हणजे माहेरवाशीण झाली ते. अन् भाऊ, तुमची गाडी बंद करा बरं. लेकरं दचकतीन."